त्या पाणबुडीचं नाव

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. नातेवाइकांचे फोन आले, "बरी आहेस ना?" म्हणून. बरी आहे. एका पाणबुडीच्या मागे लागले होते, त्यात दोन महिने गेले.

शाळेत इतिहास शिकवायचे तेव्हाची गोष्ट. आझाद हिंद सेनेच्या धड्यात एकच वाक्य असायचं, नेताजी जर्मनीहून पाणबुडीने जपानकडे गेले. मी ते वाक्य रंगवून सांगायची. अंधार, समुद्र, वर शत्रूची जहाजं, खाली आपले नेताजी. वर्ग अगदी चिडीचूप. एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, त्या पाणबुडीचं नाव काय होतं?" मी म्हटलं, पाणबुड्यांना नावं नसतात रे, नंबर असतात. "मग नंबर काय होता?" उद्या सांगते म्हटलं. तो उद्या काही आला नाही. चाचणी परीक्षा, स्नेहसंमेलन, बदली शिक्षकाचा तास... तुम्हाला माहीतच आहे. त्यानेही पुन्हा विचारलं नाही.

तर त्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. एक नव्हे, दोन पाणबुड्या होत्या. जर्मन होती ती यू-१८०. जपानी होती ती इ-२९. इंग्रजीत तिला 'आय-२९' म्हणतात, पण जपानी लोक 'इ' म्हणतात. त्यांच्या जुन्या वर्णमालेची सुरुवात इ, रो, हा अशी होते. मोठ्या पाणबुड्या 'इ' वर्गातल्या, मधल्या 'रो', लहान 'हा'. म्हणजे आपल्याकडे पहिलीचे वर्ग अ, ब, क असतात तसंच. शाळामास्तरणीला हे फार आवडलं.

आणि नाव नव्हतं असंही नाही. युरोपच्या गुप्त मोहिमांवर ज्या पाणबुड्या गेल्या त्यांना जपान्यांनी झाडांची नावं दिली होती. इ-३० म्हणजे साकुरा, चेरीचं झाड. आमची इ-२९ म्हणजे 'मात्सू', पाइनचं झाड. म्हणजे त्या मुलाला मी चुकीचंच सांगितलं होतं.

ही मात्सू योकोसुकाच्या नौदल गोदीत बांधली गेली. २७ फेब्रुवारी १९४२ ला ती नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे १०९ मीटर. आमच्या शाळेचं पटांगण मी मनातल्या मनात मोजून पाहिलं, पाणबुडी बाहेर रस्त्यावर आली. पृष्ठभागावर ती ताशी साडेतेवीस नॉट वेगाने जायची, पाण्याखाली मात्र फक्त आठ. मला वाटायचं पाणबुडी म्हणजे सतत पाण्याखाली. तसं नसतं. त्या काळच्या पाणबुड्या बहुतेक वेळ वरच असत, डिझेलवर चालत, आणि गरज पडली की बुडी मारून बॅटरीवर चालत. बॅटरी संपत आली की पुन्हा वर. म्हणजे बुडी मारू शकणारं जहाज म्हणावं, तेच जास्त खरं. शंभरेक माणसं आत. पुढे सहा टॉर्पेडो नळ्या, वर एक तोफ. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे पोटात एक छोटं विमान! पंख घडी करून ठेवलेलं. बाहेर काढायचं, जोडायचं, गोफणीतून दगड सोडावा तसं सोडायचं, आणि परत येऊन पाण्यावर उतरलं की क्रेनने उचलून घ्यायचं. अशा जातीच्या २० पाणबुड्या जपानने बांधल्या. युद्ध संपलं तेव्हा त्यातली एकच उरली होती, आणि ती ही नव्हे.

पहिली कामगिरी ऑस्ट्रेलियाची. कप्तान होता इझू जुइची. हे नाव लक्षात ठेवा, पुढे दोनदा येणार आहे. मे १९४२ मध्ये न्यूकासल बंदराजवळ तिने वेलेन नावाच्या जहाजावर हल्ला केला. ते निघालं रशियन! रशिया आणि जपान यांचं तेव्हा युद्धच नव्हतं. जहाज निसटलं, बरं झालं. मग २३ मे ला इ-२९च्या विमानाने सिडनी बंदरावर घिरट्या घालून आत कोणती जहाजं आहेत ते पाहिलं. आठ दिवसांनी, ३१ मे च्या रात्री, दुसऱ्या पाणबुड्यांनी आणलेल्या तीन चिमुकल्या पाणबुड्या सिडनी बंदरात शिरल्या. कुट्टाबुल नावाची बोट बुडाली, २१ खलाशी मेले. तिन्ही चिमुकल्या पाणबुड्यांमधलं कोणी परत आलं नाही.

तिथून ती आपल्या बाजूला आली. मलायातलं पेनांग हा हिंदी महासागरातला जपानी पाणबुड्यांचा तळ. सप्टेंबर १९४२ मध्ये तिने एडनच्या आखातात आणि अरबी समुद्रात एकामागून एक चार जहाजं बुडवली. गॅझकॉन, हॅरेसफील्ड, ओशन ऑनर, आणि पॉल ल्युकेनबाख नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज, ज्यात रणगाडे आणि विमानं होती. युद्धाच्या हिशेबात हे सगळं 'टनेज' या एका शब्दात मांडतात. इतके टन बुडवले. माणसं टनात बसत नाहीत.

आता तिलावाचं सांगते. खरं म्हणजे हा लेख तिच्यासाठीच लिहितेय.

एस. एस. तिलावा ही ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची बोट. १९२४ सालची, दहा हजार टनांची. मुंबईहून पूर्व आफ्रिकेला, तिथून दक्षिणेला डर्बनपर्यंत जायची. ज्यांचे दुकानदार नातेवाईक मोम्बासा-नैरोबीला होते त्या गुजराती कुटुंबांना ही 'बी.आय.'ची बोट म्हणजे आपल्याला एस.टी. तशी. बायकामुलं, पेट्या, लोणच्याच्या बरण्या, सगळं घेऊन लोक चढायचे. बी.आय.च्या बोटींवर जेवणखाणाचं खातं बहुधा गोव्याच्या माणसांकडे असायचं.

२० नोव्हेंबर १९४२ ला तिलावा मुंबईहून निघाली. लक्षात घ्या, बेचाळीसचा नोव्हेंबर. देशात 'चले जाव' चालू, गांधीजी आगाखान पॅलेसमध्ये कैदेत, पत्री सरकारची हवा आमच्या सातारा भागात तयार होत होती. आणि बॅलार्ड पिअरवरून ही बोट निघाली, ७३२ प्रवासी, २२२ खलाशी-कर्मचारी आणि ४ तोफची. एकूण ९५८ माणसं. शिवाय माल सहा हजार टनांवर, त्यात चांदीच्या २,३६४ विटा. चांदी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नाणी पाडायला विकत घेतलेली.

२३ नोव्हेंबरच्या पहाटे, रात्रीच म्हणा, दोनच्या सुमाराला, सेशेल्स बेटांपासून कित्येक शे मैल दूर भर समुद्रात इ-२९ने टॉर्पेडो सोडला. तो लागला. डेकवर एकच आकांत झाला. लोक लाईफबोटींकडे धावले. पण बोट लगेच बुडाली नाही. ती नुसती थांबली. आणि इथेच सगळं फिरलं, कारण बोट तरंगतेय असं पाहून उतरलेल्यांपैकी काही जण परत वर चढू लागले. कोणाची मुलं वर राहिली होती, कोणाला वाटलं वाचलो. अर्ध्या तासाच्या आत दुसरा टॉर्पेडो आला. मग ती गेली. रेडिओ अधिकारी शेवटपर्यंत मदतीचा संदेश पाठवत खुर्चीवर बसून होता, तोही बोटीबरोबर गेला. पण त्याचा संदेश पोचला होता.

उरलेले लोक दोन दिवस होड्यांत आणि तराफ्यांवर. २५ नोव्हेंबरला ब्रिटिश क्रूझर बर्मिंगहॅम तिथे पोचली आणि तिने ६७४ जणांना उचललं. आणखी चौघे कार्थेज नावाच्या बोटीला सापडले. २७ तारखेला बर्मिंगहॅम त्यांना घेऊन परत मुंबईला आली. सात दिवसांपूर्वी निरोप देऊन घरी गेलेली माणसं पुन्हा गोदीवर आली असतील, आणि २८० जण उतरले नाहीत.

हे मला दोन महिन्यांपूर्वीपर्यंत माहीत नव्हतं. चौतीस वर्षं इतिहास शिकवला. टायटॅनिक माहीत होती. आमच्या कोकणातली रामदास बोट १७ जुलै १९४७ ला रेवसकडे जाताना बुडाली, ती तर घराघरांत माहीत. तिलावा नाही.

माहीत कशी झाली ते सांगते. आमच्या मजल्यावर एक गुजराती गृहस्थ राहतात, पंच्याऐंशीच्या घरातले. सगळे त्यांना भाई म्हणतात. ते मला टीचरबेन म्हणतात. संध्याकाळी खाली बाकावर आमची बैठक असते. एकदा मी आपली नेहमीसारखी नेताजींच्या पाणबुडीवर घसरले. नुकतंच वाचलेलं होतं, उत्साह होता. जर्मन पाणबुडी, जपानी पाणबुडी, भर समुद्रात रबरी होडीतून कसे गेले... नंबरसुद्धा सांगितला, इ-२९. भाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बेन, माझे मोटा काका तिलावामध्ये होते."

मला कळेना. मी विचारलं, तिलावा म्हणजे काय? ते म्हणाले, "ती बोट याच पाणबुडीने बुडवली. तुमच्याच या नंबरने."

भाई तेव्हा दोन-तीन वर्षांचे. त्यांना आठवत काहीच नाही, घरात ऐकलेलं तेवढंच. वडिलांचे थोरले भाऊ मोम्बासाला दुकानात होते, लग्नाला म्हणून देशात आले आणि परत निघाले होते. त्यांचा फोटोही नाही. निघण्यापूर्वी मुंबईला एका स्टुडिओत काढलेला एकच होता, तो पेटीत घालून बरोबर नेला. भाईंच्या आजी पुढे कितीतरी वर्षं म्हणायच्या, कोणीतरी बोटीने उचललं असेल, आफ्रिकेत कुठेतरी असेल, येईल. मोटी काकी कधी काही म्हणाल्या नाहीत. सांगताना भाईंच्या आवाजात राग नव्हता. मलाच आपलं अवघडल्यासारखं झालं. त्या रात्री घरी येऊन मी वाचायला बसले, ते अजून उठले नाही म्हणा ना.

तारखा पाहिल्या आणि बसल्या जागी थंड झाले. तिलावा २३ नोव्हेंबर १९४२. नेताजी २८ एप्रिल १९४३. मधे पाच महिने आणि पाच दिवस. मला वाटलं कप्तान तरी बदलला असेल. नाही. दोन्ही वेळा इझू जुइचीच.

आता नेताजींचा भाग. तो कमी लेखायचं माझ्या मनात नाही, कारण तो प्रवास खरोखरच विलक्षण होता.

९ फेब्रुवारी १९४३ ला कील बंदरातून यू-१८० निघाली. कप्तान व्हेर्नर मुझेनबेर्ग. बरोबर नेताजी आणि आबिद हसन. आबिद हसन हैदराबादचे, जर्मनीत इंजिनिअरिंग शिकायला गेलेले, आणि 'जय हिंद' हे अभिवादन त्यांनी सुचवलं असं मानलं जातं. आत हवा कोंडलेली, डिझेलचा वास अन्नाला, पांघरुणाला, सगळ्याला. बसायला धड जागा नाही. त्यात नेताजी लिहीत राहिले, कागदपत्रं तपासत राहिले, आबिद हसन यांना मजकूर सांगत राहिले. तुरुंगात काढलेली वर्षं अशी कुठे कुठे उपयोगी पडत असतील. वाटेत १८ एप्रिलला याच यू-१८०ने कॉर्बिस नावाचं ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं. म्हणजे नेताजी आत बसलेले असताना एक जहाज बुडालं. हे मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. माहीत नव्हतं हे एक, आणि माहीत असतं तरी सांगितलं असतं का, देव जाणे.

इकडे ५ एप्रिलला इ-२९ पेनांगहून निघाली. यावेळी इझूबरोबर त्याचे वरिष्ठ, पाणबुडी तुकडीचे प्रमुख कॅप्टन तेराओका मासाओ होते. आत जर्मनीला द्यायचा अकरा टन माल, त्यात बर्लिनच्या जपानी वकिलातीसाठी दोन टन सोनं. निघण्यापूर्वी जपानी खलाशांनी पेनांगच्या बाजारातून भारतीय मसाले विकत घेतले होते. पाहुणे हिंदुस्थानी आहेत, त्यांना आपलं जेवण रुचणार नाही म्हणून. हा तपशील मला फार त्रास देतो. कोणीतरी बाजारात जाऊन हळद, मिरची, धणे मागितले असतील ना? आणि त्याच हातांनी...

असो.

२६ एप्रिलला मादागास्करच्या आग्नेयेला शेकडो मैलांवर दोन्ही पाणबुड्या एकमेकींना भेटल्या. नकाशावर पाहिलं तर तिथे काहीही नाही, नुसता निळा रंग. आजच्यासारखी साधनं नसताना सूर्य आणि ताऱ्यांवरून हिशेब करून दोन वेगवेगळ्या देशांच्या पाणबुड्या तिथे ठरल्या दिवशी येतात! आमच्याकडे लग्नाचं वऱ्हाड ठरल्या बस स्टॉपवर सापडत नाही. पण समुद्र इतका खवळलेला होता की पाणबुड्या जवळ आणणं शक्य नव्हतं. एक दिवस नुसतं बरोबर चालत वाट पाहिली. शेवटी २८ तारखेला दोर लावून रबरी होडीतून नेताजी आणि आबिद हसन पलीकडे गेले, भिजून चिंब. उलट दिशेने दोन जपानी अधिकारी जर्मन पाणबुडीत गेले, एमी आणि तोमोनागा. सोनं गेलं, एक जपानी टॉर्पेडो गेला, कागद, नकाशे, नमुने यांची अदलाबदल झाली. (त्यातल्या तोमोनागांची गोष्ट वेगळीच आहे. मे १९४५ मध्ये ते दुसऱ्या एका जर्मन पाणबुडीने जपानला परत निघाले होते. जर्मनी शरण गेली, ती पाणबुडी अमेरिकेच्या स्वाधीन व्हायला निघाली, तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने आत्महत्या केली.)

तेराओकांनी आपली खोली नेताजींना दिली. मसाले कामाला आले. २९ एप्रिल म्हणजे जपानी सम्राटाचा वाढदिवस, त्याचं आणि पाहुण्यांच्या आगमनाचं जेवण एकत्रच झालं, तिखट रस्सा करून. जर्मन पाणबुडीतल्या अडीच महिन्यांनंतर घरी आल्यासारखं वाटलं, असं आबिद हसन यांनी पुढे सांगितल्याचं वाचलं.

६ मे ला सुमात्राच्या टोकाशी असलेल्या सबांग बेटावर इ-२९ लागली. नेताजी तिथे उतरले. तिथून विमानाने तोक्यो. बाकीचा इतिहास आपल्याला पाठ आहे, ४ जुलैला सिंगापूरला रासबिहारी बोस यांच्याकडून सूत्रं घेतली, २१ ऑक्टोबरला हंगामी सरकार.

पाणबुडीवरचा एक फोटो आहे, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जपानी खलाशी ओळीत बसलेत, उभे आहेत, आणि पुढच्या रांगेत त्यांच्यातच नेताजी बसलेत. माझ्याकडे हा फोटो एका दिवाळी अंकातून कापून वर्षानुवर्षं वहीत चिकटवलेला होता. दरवर्षी २३ जानेवारीला वर्गात फिरवायची. मुलं नेताजींना शोधायची. बाकीच्यांकडे कोणी पाहायचं नाही. मीसुद्धा नाही.

हे लिहिताना मनात एक भीती आहे, ती सांगून टाकते. कोणीतरी म्हणेल, आता नेताजींनाही नावं ठेवायला लागल्या का बाई? मुळीच नाही. देश गुलाम आहे, जो मदत देईल त्याची घ्यायची, या त्यांच्या हिशेबावर तेव्हाही वाद होता, आजही आहे, पण तो माणूस स्वतःसाठी काही मागायला गेला नव्हता. शिवाय तिलावा ब्रिटिश झेंड्याखालची बोट होती, तिच्यावर तोफ होती, युद्ध चालू होतं. दिवे घालवून रात्री जाणाऱ्या बोटीत कोण झोपलंय ते पेरिस्कोपमधून दिसत नाही. हे सगळं मला मान्य आहे. भाईंनाही मान्य आहे. तेही नेताजींच्या जयंतीला सोसायटीत हार घालायला पुढे असतात. पण दुसरा टॉर्पेडो सोडताना काळोखातही होड्या, हाका... असो, पुन्हा असो. याच्या पुढे माझं डोकं चालत नाही.

आणि पाणबुडी थांबली का? नाही. नेताजींना सोडून महिनाभरात ती पुन्हा शिकारीला निघाली. जुलै १९४३ मध्ये एडनच्या आखाताकडे तिने 'रहमानी' बुडवली. ती होती मोगल लाईनची. मोगल लाईन म्हणजे मुंबईची, हाजींना जेद्दाला नेणारी कंपनी. त्याच जुलैत सिंगापूरच्या मैदानावर नेताजींची भाषणं चालू होती.

पुढचं भराभर सांगते, कारण ते आपल्यापेक्षा जर्मनी-जपानचं जास्त आहे. ऑक्टोबर १९४३ मध्ये इझू गेला आणि किनाशी ताकाकाझू कप्तान झाला. हा जपानी पाणबुड्यांमधला सर्वांत नावाजलेला माणूस. १५ सप्टेंबर १९४२ ला इ-१९ वर असताना त्याने एकदाच सहा टॉर्पेडो सोडले, त्यात अमेरिकेची वॉस्प ही विमानवाहू बुडाली, नॉर्थ कॅरोलायना युद्धनौकेला आणि ओब्रायन विनाशिकेलाही तडाखा बसला. त्याच्या हाताखाली इ-२९ १६ डिसेंबर १९४३ ला सिंगापूरहून निघाली, रबर, टंगस्टन, कथील, क्विनाईन, अफू घेऊन. आफ्रिकेला वळसा घालून ८६ दिवसांनी, ११ मार्च १९४४ ला, फ्रान्समधल्या लोरियाँ या जर्मन तळावर पोचली. शेवटच्या टप्प्यात ब्रिटिश विमानांनी गाठलं होतं, त्यातूनही सुटली. किनाशीला बर्लिनला नेऊन लोखंडी क्रॉस दिला.

अशा पाच पाणबुड्या जपानने युरोपला धाडल्या. जाऊन सुखरूप परत येणारी एकच, इ-८. बाकीच्या एक सुरुंगावर, एक पेनांगच्या तोंडाशीच, एक अटलांटिकमध्ये गेल्या. आणि आमची ही तर घराच्या अंगणापर्यंत आली होती. १६ एप्रिलला लोरियाँहून निघाली, आत जर्मन जेट आणि रॉकेट विमानांचे आराखडे, इंजिनाचे भाग, रडारचे भाग, सांकेतिक संदेशांची यंत्रं आणि १८ प्रवासी. ८९ दिवसांनी, १४ जुलैला, सिंगापूर. तिथे इवाया नावाचा एक तंत्रज्ञ अधिकारी काही कागद घेऊन उतरला आणि विमानाने तोक्योला गेला. तो वाचला, आणि त्याच्या त्या मोजक्या कागदांवरून जपानने युद्धाच्या अगदी शेवटी एक रॉकेट विमान आणि एक जेट विमान कसंबसं उडवलं. बाकी सारा माल पाणबुडीतच राहिला.

सिंगापूरहून गेलेले संदेश अमेरिकन लोकांनी पकडून उलगडले. केव्हा निघणार, कुठून जाणार, सगळं. २६ जुलै १९४४ ला संध्याकाळच्या सुमाराला, फिलिपाइन्सच्या उत्तरेला बालिंतांग खाडीत, तीन अमेरिकन पाणबुड्या वाट पाहत होत्या. इ-२९ पृष्ठभागावरून चालली होती. सॉफिश नावाच्या पाणबुडीने चार टॉर्पेडो सोडले, तीन लागले. किनाशीसह शंभरावर माणसं क्षणात गेली. पुलावरची तीन माणसं पाण्यात फेकली गेली, त्यातला एक पोहत एका बेटाला लागला. एकच.

नौदलात दाखल झाल्यापासून दोन वर्षं आणि पाच महिने, त्यातही एक दिवस कमी. एवढंच आयुष्य.

तिलावाचं एक शेपूट राहिलं. २०१७ मध्ये एका ब्रिटिश कंपनीने अडीच किलोमीटर खोल समुद्राच्या तळातून चांदीच्या त्या २,३६४ विटा वर काढल्या आणि इंग्लंडला नेल्या. मग दक्षिण आफ्रिकेचं सरकार आणि ती कंपनी यांच्यात खटला. तो लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०२४ मध्ये निकाल दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने लागला. चांदी कोणाची यावर इतके वकील, इतकी पानं. वाचताना भाईंना सांगितलं तर म्हणाले, "आमची पेटी नाही का निघाली?" थट्टेनेच म्हणाले. २०२२ मध्ये, ऐंशी वर्षं झाली तेव्हा, तिलावाच्या वारसांनी मुंबईत स्मरणाचा पहिला कार्यक्रम केला. भाईंना तो नंतर कळला, गुडघ्याच्या ऑपरेशनने तेव्हा ते अंथरुणावर होते.

परवा भाईंनी वही पाहायला मागितली. मी द्यायला कचरत होते. त्यांनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला. नेताजींच्या चेहऱ्यावरून बोट पुढे सरकवत एकेका खलाशापाशी थांबत होते. मग म्हणाले, "किती लहान पोरं आहेत, बेन." मी पाहिलं. खरंच, आमच्या दहावीच्या वर्गापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असतील. सव्वा वर्षाने यातली किती बालिंतांगला होती कोण जाणे. वही त्यांनी परत दिली, मग विचारलं, एक झेरॉक्स मिळेल का. काढून दिली.

आणि मागच्या बाकावरच्या त्या मुलाला, तू आता साठीच्या आसपास असशील, हे वाचत असलास तर उत्तर वर दिलंय. उशीर झाला त्याबद्दल बाईंना माफ कर. वाचलंस तर खाली दोन ओळी टाक, कुठल्या वर्षीचा वर्ग होता ते मला आठवत नाहीये.